आदल्या संध्याकाळचं पाणी

३ जून

मावशी,

पत्राच्या सुरुवातीचे नमस्कार-चमत्कार तू वाचतच नाहीस, थेट मुद्द्यावर उडी मारतेस, असं आई म्हणायची. म्हणून पहिल्याच ओळीत बातमी सांगते. मला डॉक्टरेटसाठी जागा मिळाली. काम हृदयाच्या पेशींवर आहे, आणि खोली तीच, जिथे तू सात वर्षं होतीस. सरही तेच.

हे वाचून कागद भिरकावून दिला असशील तर उचल. तुझं आणि सरांचं काहीतरी बिनसलं होतं एवढं मला माहीत आहे. काय ते घरात कोणी सांगत नाही. बाबांना विचारलं की ते चष्मा पुसायला लागतात. पण मला दुसरीकडे जायचंच नव्हतं. आई गेली त्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते की अडकलेली रक्तवाहिनी मोकळी झाली, रक्त व्यवस्थित पोचतंय, आता काळजीचं कारण नाही. बाबा माझ्यासाठी चहा आणायला खाली गेले. ते कप घेऊन वर येईपर्यंत आई गेली होती. रक्त पोचलं होतं तर मग हृदय का थांबलं, हे चार वर्षांत मला कोणी धड सांगितलेलं नाही. ते मला शोधायचं आहे आणि त्यासाठी हीच खोली लागते.

खोली तुझ्या वेळी होती तशीच असावी. भिंतीला साखळीने बांधलेले नायट्रोजनचे सिलिंडर, खिडकीशी सूक्ष्मदर्शक, आणि मधोमध ती काचेची पेटी. तिच्या दोन भोकांत रबरी हातमोजे, आणि वर आतला ऑक्सिजन किती ते दाखवणारी पट्टी. सिलिंडर बदलणारे सिलिंडरकाका अजून आहेत. मी कोणाची कोण ते कळल्यावर त्यांनी पेटीवर थाप मारली. म्हणाले, "ही तुझ्या मावशीने बांधलीय. मी आपल्या नळ्या धरल्या." सर शेजारी उभे होते, ते घड्याळ बघून निघून गेले.

फोन तू उचलत नाहीस, आणि इथल्या मेलवर सरांची नजर असते असं सगळे कुजबुजतात. तेव्हा पत्रच बरं. आशीर्वाद दे, नाहीतर निदान चार शिव्या दे, पण उत्तर पाठव.

तुझी ठकी

९ जून

ठके,

कागद भिरकावला नाही. चुरगळला, मग हाताने सपाट केला आणि परत वाचला.

आशीर्वाद तुला आहे, त्या खोलीला नाही. आणि घरात कोणी सांगत नाही म्हणतेस ना, तर मी सांगते. ती पेटी मी दोन वर्षं खपून बांधली. तिच्यात हृदयाच्या पेशींचा श्वास कोंडता येतो आणि परत देता येतो, हे त्या इमारतीत पहिल्यांदा मी करून दाखवलं. तुमच्या सरांची स्वारी तेव्हा दारातून डोकावायची, "काय, जमतंय का?" विचारायची आणि निघून जायची. हातमोज्यांत त्या माणसाने एकदाही हात घातला नाही. पुढे पेपर छापून आला. त्यावर पाच नावं होती. त्यातलं एक स्वारीच्या मेहुण्याचं, ज्याने पेटीचं तोंडही पाहिलं नव्हतं. माझं नाव नव्हतं.

मी जाब विचारायला गेले. तर शांतपणे म्हणतो, "बाई, तुमचे आकडे तपासायला हवेत. त्यात काहीतरी गडबड दिसते." बस, एवढंच वाक्य. पण ते माझ्या आधी प्रत्येक प्रयोगशाळेत जाऊन पोचलं. मी जिथे अर्ज टाकीन तिथे लोक गोड बोलायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. अकरा वर्षं मी शहराचं पाणी तपासते आहे. नळाच्या, तळ्याच्या, नदीच्या चाळीस बाटल्या रोज समोर येतात. कुठल्या बाटलीत किती ऑक्सिजन विरघळला आहे ते मोजायचं, तक्त्यात भरायचं, घरी यायचं. हात इतका बसला आहे की डोळे मिटून करीन.

वय झालं की राग निवतो, असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही. मी त्या मेल्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

एक काम कर. श्वास कोंडायची पद्धत जिथे लिहिली आहे ती तपकिरी पुठ्ठ्याची वही अजून तिथेच असेल. त्यातलं ते पान मला जसंच्या तसं उतरवून पाठव. मावशीची हौस समज.

मावशी

२० जून

मावशी,

आता कळलं बाबा चष्मा का पुसतात ते. मला फार वाईट वाटलं, आणि सरांना रोज "गुड मॉर्निंग" म्हणायच्या ऐवजी मी आता नुसती मान हलवते.

वही तीच आहे आणि अक्षर तुझं आहे. पान असं: आधी पेटीत नायट्रोजन सोडून पट्टीवरचा आकडा शून्यावर आणावा. मग पेशींच्या प्लेटमधलं जुनं मीडियम काढून साखर नसलेलं ताजं मीडियम घालावं. प्लेट पेटीत ठेवून चार तास थांबावं. नंतर बाहेर काढून साध्या हवेत एक तास ठेवावी आणि जिवंत पेशी मोजाव्यात. बस, इतकंच. मीडियम म्हणजे ते गुलाबी पाणी, हे तुला काय सांगायचं.

मला अजून त्या पेशींची सवय झालेली नाही. उंदराच्या पिल्लाच्या हृदयातून काढलेल्या, प्लेटच्या तळाला चिकटून बसलेल्या, आणि तिथेही आपल्याआपण धडधडणाऱ्या. पहिल्या दिवशी मी जेवायची विसरले. सरांचं सगळं काम आता 'चौदा नंबर' या औषधावर चालतं. श्वास कोंडायच्या आधीच ते मीडियममध्ये घालायचं. औषध नसेल तर दहातल्या सात पेशी जगतात, औषध असेल तर नऊ. माझ्या हातून पहिल्याच महिन्यात बरोबर हेच आकडे आले. सर खूश आहेत.

फक्त एक गोष्ट पटत नाही. पुस्तकं सांगतात की ऑक्सिजन संपला की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांचं काम काही मिनिटांत थांबतं. ऊर्जा तयार करणारं त्यांचं चाक अडतं, मग उलटं फिरायला लागतं आणि आधीची साठवलेली ऊर्जाच खाऊन टाकतं. आणि आमच्या पेशी चार तास बिनऑक्सिजनच्या राहून दहातल्या सात जिवंत! बाहेरच्या दोन प्रयोगशाळांना असे आकडे मिळत नाहीत. सर म्हणतात त्यांचे हात कच्चे आहेत.

अठरा सप्टेंबरला मोठ्या सभागृहात सरांचं भाषण आहे. बाहेरचे शास्त्रज्ञ येणार, इस्पितळाचे डॉक्टर येणार, आणि त्यानंतर चौदा नंबर माणसांना देऊन बघायची तयारी सुरू होणार. माझे आकडेही पडद्यावर दाखवणार आहेत. माझ्या प्रबंधाची चार वर्षं याच कामावर उभी राहतील. आईसाठी काहीतरी करते आहे असं पहिल्यांदाच वाटतंय.

ठकी

२७ जून

ठके,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग घरातल्या घरात चकरा मारत सुटले. शेजारीण विचारायला आली, काय झालं? म्हटलं, अकरा वर्षांनी पोट भरलं.

नीट ऐक. त्या पानावर एक ओळ नाही. ती सगळ्यात वर होती: आदल्या संध्याकाळी मीडियमची बाटली झाकण सैल करून पेटीत ठेवावी. का? कारण साध्या हवेत ठेवलेल्या पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतोच. पट्टी सांगते ती पेटीतल्या हवेची गोष्ट. प्लेटमधल्या पाण्यात काय आहे ते तिला कुठून कळणार? पेशी पाण्याच्या तळाशी बसलेल्या असतात, त्या श्वास पाण्यातूनच घेतात. तुम्ही बाहेरचं ताजं मीडियम ओतता आणि चार तास पट्टीवरचं शून्य बघत बसता. त्यातले निदान तीन तास तुमच्या पेशी आरामात श्वास घेत असतात. दहातल्या सात जगतात म्हणे! त्यांना झालंय काय मरायला?

ती ओळ आपोआप गेलेली नाही. मी काढली. जायच्या वेळी वही टेबलावर ठेवून जा, असा हुकूम झाला होता. मी ते पान फाडलं, ओळ वगळून त्याच शाईने नवं पान लिहिलं आणि डिंकाने चिकटवलं. संध्याकाळी जाताना बाटली आत ठेवायचं काम मी एकटीच करायची, कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. स्वारीला पत्ता असणं शक्य नव्हतं. मनात म्हटलं, माझ्या आकड्यांत गडबड दिसते ना, आता बस आयुष्यभर खऱ्या गडबडीवर.

आणि चौदा नंबर! त्याच्यावरूनही आमचं वाजलं होतं. श्वास कोंडताना औषध देऊन काय उपयोग, श्वास परत देताना दे, असं मी भर बैठकीत म्हटलं होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं. पुढच्याच महिन्यात मी ते करून बघणार होते.

आता अठरा सप्टेंबरला मी येते. मागे कुठेतरी बसेन. भाषण रंगात आलं की हात वर करीन आणि एकच विचारीन: "मीडियम आदल्या संध्याकाळी कुठे होतं?" सभागृहातल्या जाणत्यांना तेवढं पुरे आहे. मला त्याचा चेहरा पाहायचा आहे, बाकी काही नको. तोवर तू तोंडातून ब्र काढू नकोस.

मावशी

८ जुलै

मावशी,

तुझं पत्र दहा दिवस पिशवीत घेऊन फिरते आहे.

सरांनी तुझ्यावर अन्याय केला, हे मान्य. माझाही जीव जळतो. पण तू सूड घ्यायला निघाली आहेस आणि तुम्हा दोघांच्या मधोमध मी उभी आहे, हे तुला दिसत नाही का? त्या पडद्यावर माझे आकडे असणार आहेत. पाणी तपासायच्या टेबलावर तुला जे वाक्य घेऊन गेलं, तेच वाक्य उद्या माझ्याबद्दल म्हणतील, आणि या वेळी ते खरं असेल. इथून हाकललं तर आईचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

आणि इस्पितळाचं काय? चुकीच्या आकड्यांवर विसंबून आजारी माणसांना औषध टोचायची तयारी चालली आहे. तू म्हणशील, अठरा तारखेला ते थांबेलच. मग आजच का थांबवू नये? मला सरांना सांगू दे. तुझं नाव नाही घेणार. फक्त बाटलीचं सांगेन.

ठकी

१५ जुलै

ठके,

खबरदार सांगितलंस तर.

तू त्याला ओळखत नाहीस. आज बाटलीचं सांगितलंस, तर उद्या तो पान दुरुस्त करील, परवा सगळे प्रयोग नव्याने करून घेईल, तेही तुझ्याच हातून, आणि भाषणात म्हणेल की ही चूक मी शोधून काढली. त्याला टाळ्या मिळतील. माझ्या चुकीवरही तोच मोठा होणार! मग मी अकरा वर्षं दात-ओठ खात बसले ती कशासाठी?

तुझ्यापुरतं म्हणशील तर सोपं आहे. भाषणाच्या आठवडाभर आधी सरांना सांग की माझे आकडे कच्चे आहेत, दाखवू नका. त्या दिवशी ताप आला म्हणून घरी झोप. तुला नखही लागणार नाही. थोडं सोसावं लागेल, पण तू तरुण आहेस, दुसरी प्रयोगशाळा मिळेल. मला मिळाली नव्हती.

आईचं नाव मध्ये आणू नकोस. ताई असती तर ती माझ्या बाजूने उभी राहिली असती.

मावशी

२ सप्टेंबर

मावशी,

सात आठवडे लिहिलं नाही, कारण प्रयोग करत होते. खरा प्रयोग.

सिलिंडरकाकांना विचारलं, मावशी संध्याकाळी जाताना काय करायची? ते लगेच म्हणाले, "गुलाबी बाटली आत ठेवायची, झाकण ढिलं करून. मला वाटायचं आपली एक सवय असेल. मला कोणी कधी विचारलंच नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं बाटली आत ठेवतो आणि सर गेल्याची खात्री करून दिवे मालवतो.

पहिल्या खऱ्या दिवशी मी घाबरले. पाव तासात पेशींची धडधड थांबली. साठा उलट्या चाकाने खाऊन टाकलेला, नवी ऊर्जा नाही. चार तासांनी बघते तर त्या निपचित पडलेल्या, पण मेलेल्या नव्हत्या. दहातल्या आठ तरी शाबूत होत्या. मला बरं वाटलं. मग ऑक्सिजनचं ताजं मीडियम घातलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. एकदोन पेशी धडधडायला लागल्या. आणि मग एकेक करून त्या आखडल्या, फुगल्या, फुटल्या. श्वास कोंडल्याने नाही, श्वास परत मिळाल्याने. कोंडलेल्या वेळात मायटोकॉन्ड्रियांत अर्धवट जळलेला माल साचत जातो, आणि ऑक्सिजन आला की तो सगळा एकदम पेटतो. चूल घरच जाळते. दहातल्या तीन उरल्या. बाकीच्या मरायला दहा मिनिटं लागली. मावशी, दहा मिनिटं. हे तुला दोनदा लिहिते आहे.

नंतर चौदा नंबर सरांच्या पद्धतीने, आधीच देऊन बघितलं. तरी तीनच. मग तू म्हणाली होतीस तसं, श्वास परत देतानाच्या पहिल्या मिनिटाला दिलं. सात जगल्या. माझा विश्वास बसेना म्हणून परत केलं. सहा वेळा केलं. सहाही वेळा सहा-सात.

तू सांगू नकोस म्हणालीस तरी परवा मी सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वही मिटली आणि म्हणाले, "भाषण होऊ दे, मग निवांत बघू. आणि हे बाहेर बोलायचं नाही. तुझ्या मावशीलाही असंच सतत काहीतरी सापडायचं."

तेव्हा त्यांची बाजू संपली. आता तुझ्याकडे मागते. पेटी तुझी, कल्पना तुझी. सूड म्हणून नको, काम म्हणून ये. भाषणाच्या आधी आपण दोघी मिळून संस्थेच्या समितीला सांगू. पान फाडल्याचंही तूच सांग. तुझ्या तोंडून आलं तर त्याला वेगळी किंमत आहे. येशील?

ठकी

६ सप्टेंबर

ठके,

सात! दहातल्या सात! मी म्हटलं नव्हतं? भर बैठकीत म्हटलं होतं, आणि ती सगळी मंडळी फिदीफिदी हसली होती. आज पत्र हातात धरून मी ऑफिसात मोठ्याने हसले. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई दचकली.

आणि त्याने काय म्हटलं, भाषण होऊ दे? म्हणजे आता तो जाणूनबुजून खोटं बोलणार. हे तर माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आधी तो नुसता मूर्ख ठरला असता, आता लबाड ठरेल. देवानेच त्याला माझ्या ताटात वाढलं.

समितीबिमिती काही नको. बंद खोलीतली गोष्ट बंद खोलीत मुरते, हे मी भोगलंय. बोलायचं ते भर सभागृहात, आणि मीच बोलणार. तिकीट काढलं आहे. तू यंत्रापाशी बस, पडद्यावर चित्रं दाखव, चेहरा कोरा ठेव. पानाचं कुठे बोलायचं नाही, त्याने विनाकारण मलाच अडचण. तुझे सहा प्रयोग जपून ठेव, स्वारी आडवी झाली की आपण ते आपल्या नावाने छापू. पहिलं नाव कोणाचं ते आपण भांडून ठरवू.

मावशी

२१ सप्टेंबर

सख्ख्या भाचीस,

शाबास. आपल्या रक्ताकडून हेच व्हायचं बाकी होतं.

तिसऱ्या रांगेत बसले होते. अकरा वर्षांत त्या माणसाचे केस पांढरे झाले, पण ऐट तीच. चार तास बिनऑक्सिजन, दहातल्या नऊ, टाळ्या. मी हात वर केला. त्याने मला पाहिलं. ओळखलं. त्याचं बोलणं अडखळलं, आणि मला वाटलं, आलाच तो क्षण. आणि तेवढ्यात यंत्रापाशी तू उभी राहिलीस.

"हे आकडे चुकीचे आहेत. त्यातले दोन रकाने माझ्या हातचे आहेत, म्हणून मीच सांगते." काय तो आवाज, जराही कापत नव्हता. बाटलीचं सांगितलंस, सहा प्रयोगांचं सांगितलंस, सरांना आधी सांगितलं होतं तेही सांगितलंस. इथवर मी मनात तुझी पाठ थोपटत होते. मग म्हणालीस, "ही पायरी वहीतून मुद्दाम काढली गेली होती. काढणारी व्यक्ती इथेच बसली आहे. माझी मावशी आहे. हात वर केला आहे ना, त्याच."

सगळं सभागृह वळलं. माझा हात वरच होता, खाली घ्यायचं सुचलं नाही. मागच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली, जणू मी चोर आहे. मी उठले आणि बाहेर पडले. त्याचा चेहरा बघायचा राहूनच गेला. अकरा वर्षं ज्यासाठी थांबले, ते घडलं तेव्हा मी दाराचा कडीकोयंडा शोधत होते.

काल ऑफिसातून नोटीस आली. तिथलेही जुने आकडे तपासणार म्हणे. माझ्या पाण्याच्या आकड्यांत आजवर एक चूक नाही, पण आता कोण ऐकणार? तू माझं तोंड काळं केलंस. का, ते तरी सांग. मी तुझं काय वाकडं केलं होतं?

मावशी

५ ऑक्टोबर

मावशी,

विचारलंस म्हणून सांगते. नसतं विचारलंस तर लिहिणार नव्हते.

आधी बातम्या. सरांना घरी बसवलं आहे, चौकशी सुरू आहे. इस्पितळातला प्रयोग थांबला. माझे आधीचे आकडे बाद झाले, प्रबंध परत पहिल्या पानापासून. काकांनी समितीपुढे तुझ्या शेवटच्या शुक्रवारसकट जे आठवत होतं ते सगळं सांगितलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसून रडले. म्हणाले, "मी तेव्हाच कोणाला सांगितलं असतं तर?" बिचारे. ज्याची चूक नाही तो रडतो आहे.

आता तुझं. मी तुला 'दहा मिनिटं' दोनदा लिहिलं. तू 'सात' या आकड्यावर नाचलीस. दहा मिनिटांचं काय, हा प्रश्न तुला पडला नाही. पहिल्या पत्रातही मी लिहिलं होतं. रक्तवाहिनी मोकळी झाली, रक्त पोचलं, बाबा चहा आणायला गेले आणि कप घेऊन परत आले. किती वेळ लागतो खाली जाऊन चहा आणायला? मी नंतर एकदा घड्याळ लावून चालून पाहिलं होतं. दहा मिनिटं. डॉक्टरांनी आईच्या हृदयाला श्वास परत दिला, आणि त्याच श्वासाने ते जळलं.

त्या मिनिटाला काय द्यायचं हे तुला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी माहीत होतं. आई जायच्या सात वर्षं आधी. तू पान जागेवर ठेवून गेली असतीस, तर मी सात आठवड्यांत जे पाहिलं ते कोणीतरी कधीच पाहिलं असतं. सर मूर्ख आहेत, पण त्या खोलीत दरवर्षी नवी माणसं येतात आणि सगळीच मूर्ख नसतात. आई वाचलीच असती असं मी म्हणत नाही. प्लेटमधल्या पेशींवरून तसं म्हणता येत नाही, आणि मी तुझ्यासारखी रागाच्या भरात आकडे फिरवणार नाही. पण कदाचित वाचली असती. या 'कदाचित'वर मी आता जन्मभर झोपणार आहे, आणि तूही झोपावंस अशी माझी इच्छा आहे. मला तुझा राग येतो, मावशी. सरांचा येतो त्याहून जास्त येतो, कारण त्यांना अक्कल नव्हती आणि तुला होती. ताई माझ्या बाजूने उभी राहिली असती म्हणालीस. ती उभी राहायला उरली नाही.

तुझा जो हक्क आहे तो मी बुडवणार नाही. सहा प्रयोग छापायला चालले आहेत. पहिलं नाव तुझं आहे, भांडायची गरज नाही. पण त्याच पानावर खाली तळटीप आहे: 'मूळ पद्धतीतली ही पायरी पहिल्या लेखिकेने रागाने, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी वहीतून काढून टाकली होती. त्यामुळे पुढची अकरा वर्षं या प्रयोगशाळेचे निष्कर्ष सदोष राहिले.' जो कोणी तुझं नाव वाचेल तो हेही वाचेल. दोन्ही एकत्रच छापलं जाईल, नाहीतर काहीच छापलं जाणार नाही.

संमतीचा कागद सोबत आहे. सही करून तेवढाच परत पाठव. पत्र नको.

१९ ऑक्टोबर

ठके,

पत्र नको म्हणालीस, तरी लिहिते. वाचून फाडून टाक.

सही केली आहे. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुला उलट काय सुनवायचं तेच मनात जुळवत होते. तिसऱ्या दिवशी बाटल्या तपासताना हात थांबला तो थांबलाच. उरलेल्या बाटल्या शेजारच्या बाईने केल्या.

नावं कुठल्या क्रमाने घालायची ते तू ठरव. 'रागाने' हा शब्द राहू दे, तो बरोबर आहे. तळटीपेत एक दुरुस्ती मात्र करावी लागेल, कारण काकांना दिवस नीट आठवलेला नाही. पान मी शुक्रवारी काढलं नाही. गुरुवारी काढलं. म्हणजे शुक्रवारचा आख्खा दिवस मला ते परत लावायला मिळाला होता, आणि मी लावलं नाही. हेही लिही.

त्या गुरुवारी संध्याकाळी ताई माझ्या खोलीवर आली होती. माझी नोकरी जाणार हे ऐकून डबा घेऊन आली होती. मी काही खात नव्हते, म्हणून समोर बसून राहिली. मग तिने विचारलं, "तू तिथे काही वेडंवाकडं करून नाही ना आलीस?"

फाडलेलं पान माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स तिच्या मांडीशी. मी म्हटलं, "नाही गं."

तिने लगेच विश्वास ठेवला. "मग झालं तर," म्हणाली, आणि माझ्या ताटात वाढायला लागली.

मावशी